'पोटविकार तज्ज्ञ' म्हणजे नेमके कोण? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आईचं वय ५८. सहा महिन्यांपासून जळजळ होते, दोन घास खाल्ले की पोट गच्च. पॅन्टोप्राझोलची गोळी घेतली की बरं वाटतं, बंद केली की पुन्हा तेच. वजन ५ किलोंनी उतरलंय, हिमोग्लोबिन ८.९ आहे. गावातल्या एकाच रस्त्यावर 'पोटविकार तज्ज्ञ' अशा चार पाट्या आहेत. कोणाकडे न्यावं? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : पाट्यांचं नंतर बघू. आईंना आणखी महिनाभर गोळ्या देऊन बघू नका. या वयात वजन उतरतंय आणि रक्तही कमी होतंय, म्हटल्यावर ही साधी ॲसिडिटी धरून चालत नाही. गोळीने बरं वाटतं यावरही विसंबू नका. जठरातल्या अल्सरची, क्वचित कर्करोगाचीही जळजळ त्या गोळीने काही काळ दबते. येत्या आठ-पंधरा दिवसांत दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) व्हायलाच हवी. मधेच शौच डांबरासारखी काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

आता पाटी. 'पोटविकार तज्ज्ञ' ही पदवी नव्हे. नावापुढची अक्षरं वाचा. एमबीबीएसनंतर ३ वर्षं एमडी मेडिसिन आणि त्यावर आणखी ३ वर्षं डीएम गॅस्ट्रोएन्टेरोलॉजी (पोट, आतडी आणि यकृताच्या विकारांचं शास्त्र) केलेले डॉक्टर तुम्हाला हवे आहेत. डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) लिहिलं असेल तर कंसातला विषय बघा, गल्लत इथेच होते. कंसात जनरल मेडिसिन असेल तर ते फिजिशियन. गॅस्ट्रोएन्टेरोलॉजी असेल तर ती डीएमच्या तोडीची पदवी (नव्या पदव्यांवर डीआरएनबी असं असतं). एमसीएच असलेले सर्जिकल गॅस्ट्रोएन्टेरोलॉजिस्ट शस्त्रक्रिया करतात. एंडोस्कोपीची फेलोशिप केलेले सर्जन दुर्बीण उत्तम हाताळत असतील, पण कारण शोधायचं असेल तेव्हा पहिला सल्ला डीएमचा घ्यावा, असं आमचं मत आहे. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. गावात असे डॉक्टर नसतील तर सोलापूर किंवा पुणे गाठा. खर्च झेपणारा नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे या रुग्णालयांत हा स्वतंत्र विभाग आहे.

जाताना फाइल नीट लावून न्या : हिमोग्लोबिनचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार, सोनोग्राफी आणि चालू औषधांची यादी. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि ॲस्पिरिन त्या यादीत हवंच. अल्सर होऊन आतल्या आत रक्त झिरपण्याचं ते नेहमीचं कारण आहे, आणि घरचे नेमकं तेच सांगायचं विसरतात. फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) तपासणी झाली आहे का, हेही विचारा. लोह कमी निघालं तर पाळी गेलेल्या बाईची जठराबरोबर मोठ्या आतड्याचीही दुर्बिणीने तपासणी करावी लागते. आतड्याच्या उजव्या बाजूला रक्त झिरपत असेल तर शौचात डोळ्यांना काहीच दिसत नाही. नुसती जठराची दुर्बीण करून 'सगळं ठीक आहे' म्हणून परत पाठवलं, तर दुसरीबद्दल आवर्जून विचारा.

प्रश्न : भावाला कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सांगितली आहे. दोन ठिकाणच्या दरांत जवळपास निम्म्याचा फरक आहे. स्वस्तात केली तर चालेल का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : दरात काय काय धरलंय ते आधी विचारा : भूल देणारे डॉक्टर, बायोप्सीची लॅब, पॉलिप (आतड्यातली मांसाची छोटी वाढ) सापडला तर त्याच वेळी काढण्याचा खर्च. पुष्कळदा फरक तिथेच असतो. मग कामाचं विचारा. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, १०० पैकी किमान ९० रुग्णांत पोचायला हवी. बाहेर काढताना आतडं बघायला किमान ६ मिनिटं द्यायला हवीत. चांगल्या रिपोर्टात दुर्बीण कुठवर गेली, आतडं किती स्वच्छ होतं हे लिहिलेलं असतं आणि अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो असतो. 'नॉर्मल' एवढ्या एका शब्दाच्या रिपोर्टावर समाधान मानू नका.

बाकीचं भावाच्या हातात आहे. तपासणी फसते ती बहुधा आतडं साफ न झाल्यामुळे, आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं. आधीचे २-३ दिवस पालेभाज्या, कडधान्यं, पेरू, टोमॅटो, तीळ बंद; मऊ भात, ताक, सालीशिवाय बटाटा चालतो. लोहाच्या गोळ्या ७ दिवस आधी थांबवतात. पोट साफ करायच्या पावडरचं साधारण २ लिटर पाणी एका दमात संपवायचं नसतं : अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी. पहाटे उठायला लागतं म्हणून लोक दुसरा भाग गाळतात आणि उजवी बाजू घाण राहते. शेवटची शौच पिवळसर आणि पाण्यासारखी नितळ व्हायला हवी. गढूळ असेल तर निघण्याआधी फोन करून सांगा. रक्त पातळ करण्याच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं लेखी विचारून घ्या, मनाने बंद करू नका.

प्रश्न : वडिलांना कावीळ झाली आहे, पित्तनलिकेत खडा आहे, ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून तो खडा काढणं) करा म्हणतात. कोणीही गॅस्ट्रोएन्टेरोलॉजिस्ट करतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. सगळे डीएम ईआरसीपी नियमित करत नाहीत, आणि इथे हात बसलेला असणं फार महत्त्वाचं असतं. आठवड्याला किती करता, हे सरळ विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. यानंतर काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून दाखल करून घेण्याची आणि गरज पडल्यास आयसीयूची सोय त्याच रुग्णालयात हवी. खडा आहेच का, याची शंका असेल तर आधी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) करतात. मात्र काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टर निवडत बसू नका. त्याच दिवशी दाखल करा.