वाचकांचे प्रश्न : मागची सीट कशी पारखावी?

प्रश्न : आमचे पुण्याला वारंवार जाणे होते. चालक ठेवलेला असल्याने आई, वडील आणि मी मागेच बसतो. वडील ऐंशीच्या घरात आहेत आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांचे प्रत्यारोपण झाले आहे. आलिशान सेडान घेताना ‘लाँग व्हीलबेस’ गाडीसाठी जादा पैसे मोजावेत का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मोजावेत, मात्र निर्णय केवळ पाय पसरायच्या जागेवर घेऊ नये.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर म्हणजे व्हीलबेस. भारतात मिळणाऱ्या सध्याच्या मर्सिडीझ ई-क्लासमध्ये ते ३०९४ मिमी आहे, तर परदेशातील नेहमीच्या आवृत्तीत २९६१ मिमी. हा सव्वापाच इंचांचा फरक मुख्यतः मागच्या प्रवाशांच्या वाट्याला येतो, शिवाय अंतर वाढल्याने खड्ड्यांवरून जाताना गाडीचे पुढे-मागे डोलणेही कमी होते. टेंभुर्णी येईपर्यंतच ज्यांची कंबर धरते, त्यांना हा दुसरा लाभ अधिक मोलाचा वाटेल.

खरी परीक्षा सीटच्या उंचीची आहे. सेडानची सीट जमिनीपासून मुळातच कमी उंचीवर असते, आणि ती गाडीच्या तळाच्याही फार जवळ असली की गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात व सारा भार माकडहाडावर पडतो. मग पुढे कितीही मोकळी जागा असली तरी तासाभरात अवघडायला होते. म्हणून आईंना शोरूममध्ये निदान वीस मिनिटे बसवावे. तळवे पूर्ण टेकलेले असताना मांडीला गुडघ्याच्या अलीकडे दोन-तीन बोटांपर्यंत आधार मिळायला हवा. त्यांनी आधी पाठमोरे बसून मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत, आणि उतरताना कोणी हात न देता उठता येते का, हेही पाहावे. ते जमत नसेल तर ती गाडी, किंमत कितीही असो, आपल्या घरासाठी नाही.

आपण तिघे मागे बसणार, ही अडचण आहे. ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यू ५ सिरीजसारख्या मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत मधोमध उंचवटा असतो, त्यामुळे मधल्याला पाय फाकवूनच बसावे लागते. या गाड्यांची मागची सीट प्रत्यक्षात दोघांचीच; आपण चालकाशेजारी बसावे, हे उत्तम.

सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी मागच्या खिडक्यांना व काचेच्या छताला पडदे आहेत ना, याची खात्री करावी. दिसायला झोकदार म्हणून मोठी रिम आणि पातळ टायर घेण्याचा मोह टाळावा. खड्ड्याचा दणका थेट सीटपर्यंत पोहोचतो.

लाँग व्हीलबेस गाडीचा मागचा दरवाजाही लांब असतो आणि आईंना तो पूर्ण उघडूनच उतरावे लागेल, तेव्हा टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवून आपल्या पार्किंगमध्ये एकदा उभी करून पाहावी.