वडील गेल्यावर खचलेल्या मित्राला हसवायचा प्रयत्न करावा का?

करावा, पण आधी त्याच्याजवळ नुसतं बसावं. तो फोन उचलत नाही आणि गंमत केली तर वाईट दिसेल, ही तुमची भीती रास्त आहे. तिच्यापायी जाणं मात्र टाळू नका.

सकाळी तर्री पोहे बांधून घ्या आणि सरळ घरी जा. "विसर आता" म्हणू नका. काकांबद्दलच बोला: त्यांचा राग, संत्रीवाल्याशी चालणारी घासाघीस, असं काहीही. बोलता बोलता तोच हसेल, तेव्हा तुम्हीही मोकळं हसा. पहिलं हसू त्याचं असू द्या. ज्याचं दुःख, त्यावर गंमत करायचा पहिला हक्क त्याचाच. हसता हसता रडला तरी विषय बदलू नका, तेही हवंच असतं.

सोबत खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सहन करण्याची ताकद वाढते, असं मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. आपलं नागपूर तर हे कधीपासून करतंय! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, मिरवणुकीत निघते, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत अख्खा महाल-इतवारी रस्त्यावर येतो आणि बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, पाहून पोट धरून हसतो. पुढच्या मिरवणुकीला त्याला घेऊन जा, त्याची तयारी असेल तरच.

आठवडे उलटूनही झोप, जेवण सुटलेलंच असेल किंवा तो मरणाचं बोलत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास.