भुलीचा शोध लागण्यापूर्वी दात कसे काढत असत? वैद्यकाच्या इतिहासात दंतवैद्यांना काही स्थान आहे का?

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देते: बळाने काढत असत. अठराव्या शतकातील युरोपात त्यासाठी किल्लीसारखे एक हत्यार वापरत. त्याचा आकडा दाताला अडकवून मूठ पिळली की दात आडवा होऊन निघे, आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर जबड्याच्या हाडाचा तुकडाही येई. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत, ज्याला वेदना सोसत नाहीत अशा मद्य पिणाऱ्या रुग्णास शस्त्रकर्मापूर्वी तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सांगितले आहे. मात्र वरचा दात हलत असला तरी तो वैद्याने उपटू नये, रक्तस्राव होऊन डोळा जाण्याचा आणि तोंड वाकडे होण्याचा धोका असतो, असा इशाराही तिथेच आहे. ‘वरची दाढ काढली तर नजर जाणार नाही ना?’ असे माझ्या दवाखान्यात आजही विचारले जाते. जात नाही. दृष्टीची नस आणि वरच्या दाढेची नस वेगवेगळ्या आहेत.

प्रश्नाचा दुसरा भाग मात्र माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे. माझे धाकटे दीर भूलतज्ज्ञ आहेत. माणूस हुशार आणि आपल्या कामात अत्यंत चोख. परंतु दंतवैद्य हा वैद्यकाच्या पंगतीत उशिरा येऊन बसलेला पाहुणा आहे, असे त्यांचे ठाम मत. गौरीच्या जेवणाला घर भरलेले असताना, ‘वहिनींचे काम सुबक असते, पण ते कारागिराचे, वैद्यक निराळे,’ असे ते हसत हसत म्हणत, आणि हातात वाढप असल्यामुळे मला उत्तर देता येत नसे. पुढे निवृत्तीनंतर कोथरूडमधील एका ज्येष्ठ नागरिक संघाने भुलीच्या इतिहासावर त्यांचे व्याख्यान ठेवले. पडद्यावर काचेचा गोल हाती घेतलेला मॉर्टन आला, १६ ऑक्टोबर १८४६ ही तारीख आली, बोस्टनच्या रुग्णालयात ईथर हुंगवून निजवलेल्या रुग्णाच्या मानेवरील गाठ वॉरन या शल्यविशारदाने कशी काढली, त्याचे रसभरित वर्णन झाले. शेवटी शंका विचारायला सांगितले, तेव्हा मी उभी राहिले.

‘भावोजी, हे मॉर्टन कोण होते, तेही सांगा ना.’

‘बोस्टनचे डॉक्टर, वहिनी.’

‘दातांचे.’

सभागृहात हशा पिकला. भावोजीही हसले आणि म्हणाले, ‘बरं, दातांचे. पण तो तपशील झाला.’

तो तपशील नव्हे, तेच कारण आहे. त्या काळी शल्यविशारदापुढे येणारा रुग्ण जिवावर बेतल्यामुळे आलेला असे. कितीही दुखले तरी त्याला दुसरा मार्ग नसे. दंतवैद्याचा रुग्ण मात्र खुर्चीवरून उठून सरळ घरी जाऊ शकत असे, आणि जातही असे. मॉर्टनला कवळ्या बसवायच्या होत्या आणि त्यासाठी आधी मोडक्या दातांची मुळे काढणे भाग होते. ते दुखणे लोकांना नको होते, म्हणून त्याचा धंदा अडला होता. वेदना थांबवण्याची घाई ज्याला होती, त्यानेच उपाय शोधला.

मॉर्टनच्याही आधी त्याचा गुरू आणि एके काळचा भागीदार होरेस वेल्स, हाही दंतवैद्यच. डिसेंबर १८४४ मध्ये हार्टफर्ड येथे हसवणाऱ्या वायूचा करमणुकीचा खेळ सुरू असताना, वायू हुंगलेल्या एका माणसाचा पाय चांगलाच खरचटला, तरी त्याला त्याचा पत्ता नव्हता. हे पाहणाऱ्या अनेकांपैकी वेल्सलाच त्याचा अर्थ कळला. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः हुंगला आणि रिग्ज या व्यवसायबंधूकडून आपली दाढ काढवून घेतली. प्रयोग दुसऱ्यावर करण्याआधी स्वतःच्या जबड्यावर करणाऱ्या माणसाला कारागीर म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणावे. १८४५ च्या जानेवारीत बोस्टनमध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर त्याने प्रात्यक्षिक केले, रुग्ण मध्येच ओरडला आणि वेल्सची लबाड म्हणून हेटाळणी झाली. तीन वर्षांनी, खचलेल्या मनःस्थितीत, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आत्महत्या केली.

तेव्हा स्थान आहे का, याचे उत्तर ‘आहे, आणि ते भुलीच्या टेबलापाशीच आहे’ असे मी देईन. आपल्या घरातील कोणी बीडीएसला प्रवेश घेतला असेल आणि नातेवाईक ‘एमबीबीएसला लागला नाही का?’ असे विचारत असतील, तर त्यांना वेल्सची गोष्ट सांगावी. जेवणाच्या पंगतीत नव्हे, चारचौघांत ध्वनिक्षेपक हाती असताना सांगावी. परिणाम अधिक होतो.

आता काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. मॉर्टन काही संत नव्हता. ईथर ओळखू येऊ नये म्हणून त्याने त्यात रंग मिसळला, त्याला नवे नाव दिले आणि पेटंट घेतले. शिवाय हे ऋण उलट दिशेनेही आहे. खालची दाढ काढताना जबड्याच्या आतील बाजूस सुई हाडाला टेकेपर्यंत नेऊन मी जे इंजेक्शन देते, आणि काही मिनिटांत रुग्ण ‘ओठ जड झाला’ असे सांगतो, ती पद्धत हॉलस्टेड या अमेरिकी शल्यविशारदाने १८८४–८५ च्या सुमारास कोकेन वापरून सुरू केली. जपानमध्ये हानाओका सेइशू याने १८०४ मध्येच वनस्पतींचे औषध पाजून, रुग्ण बेशुद्ध असताना स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली होती. आणि जॉर्जिया राज्यातील क्रॉफर्ड लाँग याने मार्च १८४२ मध्ये, म्हणजे वेल्स व मॉर्टन या दोघांच्याही आधी, ईथर देऊन मानेवरील गाठ काढली होती. त्याने ते प्रसिद्ध केले १८४९ मध्ये. हा लाँग दातांचा नव्हे, भावोजींच्या व्याख्येप्रमाणे खराखुरा डॉक्टर होता. त्यांनी त्या दिवशी त्याचे नाव घेतले असते, तर मला खाली बसावे लागले असते. पण त्यांच्या व्याख्यानात लाँगही नव्हता.