तुमचे प्रश्न: तोंड बंद ठेवून १६०० मीटर पळायचं का?

ह्या वेळच्या प्रश्नांत निम्मे तरी नाकावरचे निघाले. सर्दीचे दिवस आहेत म्हणून असेल, नाहीतर मोबाईलवर सध्या जो तो 'तोंड बंद करा' सांगत सुटलाय म्हणून असेल, तर म्हटलं चला, एकदाच बसून नाकाचंच करून टाकू.

प्रश्न: ताई, मी पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटरला ५:५० लागत होते, ५:१० च्या आत आलो की पूर्ण २० मार्क. ग्रुपमधला एक जण म्हणाला सगळी रनिंग फक्त नाकाने श्वास घेऊन करायची, तोंड उघडलं की स्टॅमिना जातो. पंधरा दिवस तसं केलं तर टाइम उलट ६:२० वर गेला. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर: अरे तुझं काहीच चुकत नाहीये, ज्याने सांगितलं त्याचं चुकतंय. बसल्या जागी आपल्याला मिनिटाला सहा-सात लिटर हवा पुरते, तेवढी नाकातून आरामात जाते. जीव तोडून पळताना हीच गरज शंभर लिटरच्या वर जाते, आणि साधारण ३५-४० लिटरच्या आसपास बहुतेकांचं तोंड आपोआप उघडतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे, १५०० मीटरची कुठलीही मोठी फायनल काढून बघ, शेवटच्या लॅपला सगळ्यांचीच तोंडं उघडी असतात. भरतीच्या दिवशी तूही खुशाल आ वासून पळ.

मग नाक कशाला? तर हळू पळायला. नाकात बाजूच्या भिंतींना रक्ताने भरलेल्या मऊ वळ्या असतात, डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात, बाहेरची थंड कोरडी हवा त्यांच्यावरून घासत जाते आणि घशात पोचेपर्यंत कोमट आणि ओली झालेली असते, धूळही बरीचशी तिथेच अडकते. पहाटेच्या गारठ्यात पळून आल्यावर ज्यांना ढास लागते त्यांना याचा खरा फायदा होतो. शिवाय सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, तो श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. खरं आहे, पण रील्समध्ये त्याचा जो गाजावाजा चाललाय तेवढ्याने कुणाचे चाळीस सेकंद कमी होत नसतात.

तुला नाकाचा उपयोग ब्रेक म्हणून आहे. भरतीच्या पोरांची एक जुनी खोड, रोज पहाटे उठायचं आणि रोजच फायनल असल्यासारखं पळायचं, मग महिन्याभरात नडगी दुखते आणि टाइम जिथल्या तिथे. आठवड्यातले तीन-चार दिवस तोंड मिटून जमेल त्याच स्पीडने पळ, तोंड उघडावंसं वाटलं की समज स्पीड जास्त झाला, थोडं चाल, परत सुरू कर. दोन दिवस ४०० मीटरचे तुकडे जोरात, तेव्हा नाक तोंड दोन्ही उघडं. आणि एक सांग, पळतोस कुठे? रस्त्याकडेला कचरा नाहीतर पाचट जाळलेलं असेल तर हिवाळ्यात पहाटे तो धूर जमिनीलगतच बसून राहतो, तिथे नाकाने घे का तोंडाने, दोन्ही वाईटच. त्या दिवशी रस्ता बदल नाहीतर उन्हं वर आल्यावर जा.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, स्विमिंगला जाते. नाक सतत बंद. मेडिकलवाल्याने दिलेले नाकातले ड्रॉप दोन महिने चालू आहेत, घातले की पाच मिनिटांत मोकळं होतं पण आता रात्रीतून दोनदा घालावे लागतात. क्लोरीनमुळे असेल का?
– एक आई, ठाणे

उत्तर: क्लोरीनच्या पाण्याने नाक चुरचुरतं, सुजतंही, पण मला जास्त संशय त्या ड्रॉप्सचाच येतोय. बाटलीवर बघा, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं नाव असेल. ही औषधं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून लगेच मोकळं वाटतं, पण तीन ते पाच दिवसांच्या पुढे चालू राहिली की असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग परत ड्रॉप, मग परत चोंदणं. दोन महिने झालेत, तेव्हा ह्या आठवड्यातच कान-नाक-घसावाल्यांकडे न्या आणि बाटली सोबत न्या. तोंड उघडं टाकून झोपते का, घोरते का हेही त्यांना सांगा, ह्या वयात नाकाच्या मागच्या गाठी, अडेनॉइड म्हणतात त्या, वाढलेल्या असू शकतात. त्यांनी रोजचा स्टिरॉइड स्प्रे दिला तर त्या शब्दाला घाबरू नका, फक्त मारायची पद्धत शिकून घ्या: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, स्प्रेचं तोंड कानाच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही, नाहीतर रक्त येतं. आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका, आठवडा-दोन आठवडे लागतात.

प्रश्न: वय ४६, यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉन करायची आहे. यवतेश्वरच्या चढाला नाक चोंदल्यासारखं होतं. मैत्रीण जलनेती करते आणि रात्री तोंडाला टेप लावून झोपते, म्हणते झोप मस्त लागते. मीही करू का? (आमचे हे म्हणतात मी घोरते.)
– पुण्याची वाचक

उत्तर: कंसातलं वाक्य तुम्ही सगळ्यात आधी लिहायला हवं होतं! घोरणाऱ्या माणसाने तपासणीशिवाय तोंडाला टेप लावायची नाही. झोपेत श्वास मधेमधे थांबत असेल आणि नाकही बंद असेल तर तोंड हीच उरलेली वाट, तीच तुम्ही चिकटवून टाकणार. ह्यांना एक रात्र जागून बघायला सांगा, घोरणं एकदम थांबून मग दचकल्यासारखा श्वास येतो का ते.

नेती, म्हणजे लोटीने मिठाचं पाणी सोडून नाक धुणं, मात्र चांगली आहे, पण पाण्याचं नीट ऐका. नळाचं सरळ नाही, बोअरचं तर अजिबात नाही. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानाला नळाच्या पाण्याने नेती करून दोन माणसं गेली, पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत पोचला. केरळमध्येही अलीकडे तळ्या-विहिरीच्या पाण्यातून असे रुग्ण झालेत. तेच पाणी पोटात गेलं तर हा अमीबा काही करत नाही, नाकाचं गणितच वेगळं. फार क्वचित होतं हे, पण टाळायला लागतं काय, तर गॅस. खळखळून निदान एक मिनिट उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, पाव लिटरला चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ. मीठ कमी झालं की नाकात झणका बसतो, तेव्हा समजा प्रमाण चुकलं. नंतर पुढे वाकून एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा, जोर लावला की पाणी कानाकडे जातं. लोटी रोज धुवून वाळवा.

चढाचं म्हणाल तर पळताना नाक खरं म्हणजे आणखी मोकळं होतं, नाकातल्या त्या मऊ वळ्या आकसतात. तरी चोंदत असेल तर घरी एक करून बघा. फ्रिजमध्ये ठेवलेला स्टीलचा उलथना नाकाखाली आडवा धरा आणि श्वास सोडा, वाफेचे दोन डाग पडतील. एक लहान असेल तर दोन-चार तासांनी परत बघा, कारण नाकपुड्यांची पाळी असते, आता ही मोकळी मग ती, योगवाले चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणतात त्याच्याशी याचं नातं असावं असं आपलं मला वाटतं. दिवसभर एकच डाग लहान राहिला तर पडदा वाकडा आहे का ते दाखवून घ्या. मग गाल बोटाने बाहेर ओढा, लगेच मोकळं वाटलं तर नाकावर चिकटवायची पट्टी तुम्हाला आराम देईल. आराम, स्पीड नाही, तो काही तिने वाढत नाही.

प्रश्न: कबड्डी खेळतो, राज्य स्पर्धेआधी सर्दी झाली तर मेडिकलची कुठलीही गोळी चालते ना?
– सांगली

उत्तर: नाही! २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रोमानियाची आंद्रेया रादुकान, सोळा वर्षांची पोरगी, जिम्नॅस्टिक्सचं ऑल-अराउंड सुवर्ण सर्दीच्या गोळीपायी गमावून बसली, आणि ती गोळी टीमच्याच डॉक्टरने दिली होती. गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं. आजही स्पर्धेच्या काळात ते लघवीत ठराविक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं की डोपिंग धरतात. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनाही स्पर्धेत बंदी आहे, नाकातला स्टिरॉइड स्प्रे चालतो, दम्याचा सालब्युटामॉल पंप ठराविक डोसपर्यंत चालतो. तेव्हा पाकिटावरचं बारीक अक्षर वाच, त्याचा फोटो काढून प्रशिक्षकांना आणि डॉक्टरांना पाठव, मगच गोळी तोंडात टाक. तोवर वाफ, मिठाचं पाणी आणि झोप. बाकी नाकाने श्वास घेण्याचा सल्ला तुला कोण देणार, रेडला गेल्यावर तोंड बंद केलंस की पंच शिट्टीच मारतील.