ऐरोली सोडून बंगळूरला जावं का?

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. यजमानांना बंगळूरमध्ये पाव पगार जास्त देणारी नोकरी मिळते आहे, कंपनी खासगी आहे. मुलगी आठवीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. राहायला महाराष्ट्र चांगला की कर्नाटक? – एक वाचक, ऐरोली

राज्यांची सरासरी बघून हा निर्णय होणार नाही. नीती आयोगाच्या 2023च्या अहवालात बहुआयामी गरिबी महाराष्ट्रात 7.81 टक्के, कर्नाटकात 7.58. अर्भकमृत्यूचा 2020चा दर हजारी 16 आणि 19. 2019-21च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं 35.2 आणि 35.4 टक्के. जवळजवळ बरोबरीच. शिवाय त्यात इकडचं मागास नंदुरबार आणि तिकडचा तसाच यादगीर जिल्हाही मिसळलेला आहे. शहरांच्या यादीचंही तेच. 2020च्या राहणीमान निर्देशांकात दहा लाखांवरच्या शहरांत बंगळूर पहिलं, नवी मुंबई सहावी; पण त्याच वेळच्या महापालिका कामगिरीच्या यादीत बंगळूर 31वं.

राज्याची हद्द ओलांडली की नेमकं काय बदलतं, ते आधी बघा. तुमच्या घरात सगळ्यात मोठी गोष्ट मुलीची मेडिकलची जागा. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, 85 टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. कर्नाटकाचा नेहमीचा नियम पहिली ते बारावीत किमान सात वर्षं तिथे शिकल्याचा. आता गेलात तर बारावीपर्यंत तिची पाचच वर्षं भरतील, म्हणजे इकडचा कोटा गेला आणि तिकडचाही मिळाला नाही. उरतील अखिल भारतीय कोटा, खासगी आणि अभिमत कॉलेजं. त्यांच्या फीपुढे पाव पगाराची वाढ टिकत नाही. सरकारी बदलीवाल्यांना काही सवलती आहेत, खासगी नोकरीला त्या लागू नाहीत. जातीच्या दाखल्यावर अवलंबून असाल तर हेही धरा : महाराष्ट्राच्या दाखल्यावर कर्नाटकाच्या राज्य कोट्यातलं आरक्षण मिळत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. यजमानांनी आधी एकट्यानं जावं, मुलीची बारावी इथेच व्हावी. दोन बिऱ्हाडांचा खर्च वाढीव पगारातून भागतो का, तेवढं मांडून बघा.

बाकीचा फरक राज्याचा कमी आणि गल्लीचा जास्त. पाणीच घ्या. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. बंगळूरचं कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपानं चढवून आणावं लागतं. 2024च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा हाल झाले ते मुख्यतः शहराच्या कडेच्या, टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांचे. म्हणून घर बघताना तीन गोष्टी विचारा : कावेरीचं कनेक्शन आहे का, एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर लागतात, त्यांचं बिल मेंटेनन्समध्ये धरलंय की वेगळं. उत्तर मालकाकडून नको, वॉचमनकडून घ्या. डिपॉझिट पाच-सहा महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात, जुनी रीत तर दहा महिन्यांची. 40 हजार भाडं असेल तर अडीच लाखांच्या आसपास रक्कम अडकते, आणि सोडताना रंगकामाचे पैसे त्यातूनच कापले जातात. ते करारात आकड्यानिशी लिहून घ्या. शहर सुमारे 900 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे एसीचा खर्च बहुतेक वाचतो. प्रवासाचा अंदाज मात्र रविवारी दुपारी घर बघून येणार नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला ऑफिसपासून घरापर्यंत एकदा जाऊन बघा.

प्रश्न : गाडी सोबत नेली तर नंबर बदलावा लागतो का? – एक वाचक, कोपरखैरणे

दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर लागतो. आधी सगळी चलनं भरा. एक जरी थकलं तरी काम अडतं. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. मग वाशीच्या आरटीओकडून फॉर्म 28वर एनओसी, आणि तिकडच्या आरटीओत नव्या नंबरासाठी फॉर्म 27. तिथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, गाडीच्या वयानुसार घट धरून. नवं आरसी हातात आलं की त्याची प्रत जोडून इथल्या टॅक्सच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागा. बहुतेक जण ही शेवटची पायरीच विसरतात. नवी गाडी घेणार असाल आणि कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील, तर बीएच मालिकेचा, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा नंबर घ्या. त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

प्रश्न : आईवडील (72 आणि 74) ठाण्याहून भावाकडे बडोद्याला राहायला जाताहेत. उपचारांच्या योजनेचं काय? – एक वाचक, ठाणे

महात्मा फुले योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांची, तिकडे तिच्या भरवशावर राहू नका. 70 वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर 2024पासून मिळतं. त्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि ते देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं. दोघांच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का, ते निघण्याआधी तपासा. ओटीपी बंद नंबरवर गेला की तिथेच गाडं अडतं. भावाच्या घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, हेही आधीच बघून ठेवा.