जुनं ५.१ होम थिएटर नव्या स्मार्ट टीव्हीला कसं जोडायचं?

तुम्ही लिहिलंय की घरात बारा वर्षांपूर्वी घेतलेलं डीव्हीडी प्लेअरवालं ५.१ (म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब-वूफर) होम थिएटर आहे. आता ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणलाय. लाल-पांढरी वायर टीव्हीच्या मागे लावून पाहिली, आवाज येत नाही. दुकानदार म्हणतो जुनं चालणार नाही, साउंडबारच घ्या.

इतक्यात घेऊ नका. सेट चालू होत असेल आणि डीव्हीडी लावल्यावर सगळे स्पीकर वाजत असतील, तर त्यातून टीव्हीचा आवाज बहुतेक वेळा काढता येतो. प्रश्न एवढाच, की तुमच्या टीव्हीतून आवाज बाहेर पडायची वाट कोणती आहे. ती सापडली की बाकी काम अर्ध्या तासाचं.

आधी तुमची लाल-पांढरी वायर. मोबाईलचा टॉर्च लावून टीव्हीच्या मागे नीट बघा. पिवळी-पांढरी-लाल अशी जी तीन भोकं दिसतात (किंवा एकच छोटं भोक, ज्याला तीन रंगांची जोडवायर येते) त्यांच्याजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत ‘एव्ही इन’ लिहिलेलं असेल. ‘इन’ म्हणजे बाहेरचा आवाज आणि चित्र टीव्हीत घेण्याची जागा. जुना डीव्हीडी प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स लावायला ती असते. तिथून आवाज बाहेर येत नाही, वायर कितीही चांगली आणली तरी. जुन्या पेटी टीव्हींना बऱ्याचदा ‘ऑडिओ आऊट’ची लाल-पांढरी जोडी वेगळी असायची, म्हणून ती सवय आपल्या हाताला राहिली आहे. नव्या टीव्हींतून ती जोडी जवळपास गेलीच. मीही वडिलांच्या टीव्हीला पहिल्यांदा तिथेच वायर लावली होती आणि एक अख्खी संध्याकाळ सेटच बिघडलाय असं समजून घालवली.

आता टीव्हीच्या मागे तीन गोष्टी शोधा.

पहिली, एचडीएमआयची जी दोन-तीन सॉकेट आहेत त्यांतल्या एकावर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ (त्याचीच पुढची आवृत्ती) लिहिलंय का. सगळे त्याला आर्क म्हणतात. आर्क म्हणजे ज्या वायरीने चित्र टीव्हीत येतं, त्याच वायरीने टीव्हीचा आवाज उलटा परत पाठवायची सोय. २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर ती आली, म्हणजे त्याआधीच्या सेटमध्ये आर्क सापडणारच नाही. तुमचा सेट त्यानंतरचा आहे, त्यामुळे असू शकतं. पण सेटला एचडीएमआय आहे म्हणजे आर्क आहेच असं धरू नका. डीव्हीडीवाल्या बऱ्याच सेटना एचडीएमआयचं एकच सॉकेट असतं, ‘आऊट’, आणि ते फक्त डिस्कचं चित्र टीव्हीवर न्यायला दिलेलं असतं. त्या सॉकेटजवळ ‘एआरसी’ छापलेलं असेल तरच टीव्हीचा आवाज त्यातून सेटमध्ये येईल.

इथे गोंधळ होतो तो असा. आवाज सेटमध्ये जायचाय, तरी वायर सेटच्या ‘आऊट’लाच लावायची. आर्क त्याच सॉकेटवर चालतं. दुसरं टोक टीव्हीच्या आर्कवाल्या सॉकेटला, शेजारच्या साध्या एचडीएमआयला नाही. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सीईसी’, म्हणजे टीव्ही आणि सेटने एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. बऱ्याच टीव्हींवर ते बंद असेल तर आर्क जागं होत नाही, आणि माणूस वायर बदलत बसतो. ते एकदा चालू झालं की टीव्हीच्याच रिमोटने होम थिएटरचा आवाज कमी-जास्त होतो. घरात वयस्कर माणसं असतील तर एवढ्यासाठीसुद्धा आर्क पसंत करा. दोन रिमोटांची कसरत त्यांना नको वाटते, आणि मग सगळा सेट धूळ खात पडतो.

दुसरी गोष्ट, ऑप्टिकल. चौकोनी, छोट्या दारासारखी झडप असलेलं सॉकेट. ही सोय तोशिबाने १९८३ मध्ये आणली आणि अजून टिकून आहे. यात वीज जात नाही, उजेड जातो. वायर टीव्हीला लावून दुसरं टोक तळहातासमोर धरलंत तर लाल ठिपका दिसेल (डोळ्यासमोर धरू नका). तो दिसला म्हणजे टीव्ही आवाज सोडतोय. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या काढायच्या. इतक्या नितळ असतात की लक्षात येत नाहीत, आणि मग पिन आत बसतच नाही. पिन एकाच बाजूने बसते, टक् असा आवाज आला पाहिजे. आणि ही वायर काटकोनात दुमडू नका, आतला धागा तुटतो.

तुमच्या सेटच्या मागे ‘ऑप्टिकल इन’ असेल तर प्रश्न मिटला. नसेल आणि फक्त ‘ऑक्स इन’ची (बाहेरचा आवाज सेटमध्ये घेण्याची) लाल-पांढरी जोडी असेल, तर मध्ये एक छोटी डबी लागते. दुकानात ‘ऑप्टिकल टू आरसीए कन्व्हर्टर’ म्हणून मागा, काहीशे रुपयांत मिळते. एका बाजूला ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी, आणि टीव्हीच्याच यूएसबीवरून तिला वीज. मात्र ही डबी लावल्यावर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ हे ‘पीसीएम’वर, म्हणजे न बांधलेल्या साध्या आवाजावर, ठेवायचंच. ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर राहिलं तर टीव्ही डॉल्बीचा (अनेक स्पीकरचा आवाज एकत्र बांधायची पद्धत) बांधलेला गठ्ठा तसाच पाठवतो, त्या साध्या डबीला तो सोडता येत नाही, आणि एकतर काहीच ऐकू येत नाही किंवा नुसती खरखर.

तिसरी गोष्ट म्हणजे हेडफोनचं भोक. ते असेल तर ३.५ मिमी ते लाल-पांढरी अशी वायर आणा, सेटच्या ‘ऑक्स’ला लावा, झालं. सर्वांत स्वस्त आणि ‘ऑक्स’ असलेल्या कुठल्याही सेटला चालणारा मार्ग. टीव्हीचा आवाज साधारण पाऊण पट्टीवर ठेवून पुढचं होम थिएटरच्या रिमोटने करा. टीव्हीवर फार कमी ठेवलात तर सेट खूप वाढवावा लागतो आणि मागची सूंऽ ऐकू येते.

काहीही लावलंत तरी दोन्हीकडे सांगावं लागतं. टीव्हीत ‘साउंड आउटपुट’ बदलून टीव्ही स्पीकरऐवजी एचडीएमआय किंवा ऑप्टिकल करायचं, आणि होम थिएटरच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘फंक्शन’ दाबत ‘ऑक्स’, ‘ऑप्टिकल’, ‘टीव्ही’ यांपैकी जे जोडलंय त्यावर यायचं. सेट चालू केला की बऱ्याचदा आपोआप डीव्हीडीवर जातो. सगळं बरोबर जोडूनही आवाज नाही, अशी तक्रार घेऊन जेव्हा कोणी मला बोलावतं, तेव्हा मी सर्वांत आधी हेच बघतो.

आता जे दुकानदार सांगत नाहीत ते. सहाही स्पीकर वाजणं आणि खरा ५.१ आवाज मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऑक्स’मधून, हेडफोनमधून किंवा त्या डबीतून फक्त डावा-उजवा असे दोनच आवाज येतात. सेट त्यांचेच वाटे करून सहा स्पीकरना देतो (रिमोटवर ‘प्रो लॉजिक’ किंवा ‘सराउंड’ असं बटण असेल). बातम्या, मालिका, जुनी गाणी यांना तेवढं पुष्कळ आहे, कारण जे दोनच वाटांनी ध्वनिमुद्रित झालंय ते कुठल्याही वायरीने सहा वाटांचं होत नाही. खरा ५.१ हवा असेल तर आर्क किंवा थेट ऑप्टिकल लागतं, सेटमध्ये डॉल्बी डिजिटल सोडवायची सोय लागते, आणि टीव्हीचं ते ‘डिजिटल आउटपुट’ पीसीएमवरून काढून ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ करावं लागतं. डीव्हीडीवाल्या ५.१ सेटमध्ये डॉल्बी डिजिटल असतंच, पुढच्या पट्टीवर त्याचा शिक्का असेल. नेटफ्लिक्सचा ५.१ आवाज डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, तो ऑप्टिकलमधून तसाच जात नाही. बरेच टीव्ही तो साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून देतात, काही देत नाहीत आणि सरळ दोन वाटांवर उतरवतात. ई-आर्क या जुन्या सेटसाठी लागत नाही, त्यासाठी खर्च करू नका.

ब्लूटूथची डबी लावा असंही कोणीतरी सुचवेल. गाण्यांसाठी ठीक. पण टीव्हीसाठी नको, कारण आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. ओठ हलून झाल्यावर शब्द येतो. एकदा ते जाणवलं की मग दुसरं काही दिसतच नाही.

स्पीकर लावण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणार आहे, कारण वायरीपेक्षा इथे जास्त फरक पडतो.

माझ्या वडिलांना ऐकायला कमी येऊ लागलं तेव्हा टीव्हीचा आवाज ४५-५० वर जायचा, आणि तरी ते म्हणायचे, आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत. हल्लीच्या पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. मी तो टीव्हीच्या बरोबर खाली, टेबलाच्या अगदी कडेला आणून ठेवला आणि त्याच्याखाली पुढच्या बाजूने दुमडलेला पुठ्ठा सरकवला, म्हणजे त्याचं तोंड थोडं वर, वडिलांच्या खुर्चीकडे झालं. सेटच्या मेनूत त्याचा आवाज तीन डेसिबल वाढवला. त्यांनी बातम्या लावल्या. थोड्या वेळाने म्हणाले, जरा कमी कर, एवढा मोठा नको. त्या वाक्यासाठी मी तीन रविवार घालवले होते.

म्हणून आधी मधला स्पीकर. तो कपाटात मागे कोंबू नका. पुढचे दोन टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कानाच्या उंचीला. मागचे दोन खरं तर आपल्या बाजूला आणि थोडे मागे हवेत, समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेलाच असतो, मागे जागा कुठली? मग ते बाजूच्या भिंतींवर, डोक्याच्या हातभर वर लावा. टीव्हीशेजारी चारही स्पीकर ओळीने मांडलेले मी अनेक घरांत पाहिलेत. त्यापेक्षा मागचे दोन काढून ठेवलेले बरे. सब-वूफर जमिनीवर. कोपऱ्यात ठेवला तर घुमतो, म्हणून भिंतीपासून थोडा पुढे ओढून ऐकून बघा. खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार असू द्या, त्याचा धमका स्लॅबमधून उतरतो. रात्रीसाठी सेटमध्ये ‘नाइट मोड’ असेल तर तो लावा. स्फोट दबतात, बोलणं तसंच राहतं.

स्पीकरच्या वायरी उघड्या टोकांच्या असतील तर लाल लालला आणि काळी काळीला, प्रत्येक स्पीकरला न चुकता. एक जरी उलटी झाली तरी आवाज येतो, म्हणून चूक कळत नाही, पण एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, आणि खर्ज पोकळ होतो. वायरीचे रंग उडाले असतील तर ती सेटपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टोकांना टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचं धन टोक ज्या तारेला लागलं ती लाल. वूफरवर हे स्पष्ट दिसतं, छोट्या स्पीकरवर नीट निरखून बघावं लागतं. तारेचे सुटे केस शेजारच्या तारेला लागणार नाहीत असा पीळ द्या, आणि हे सगळं करताना सेटची पिन भिंतीतून काढलेली असू द्या. या सेटचे स्पीकर त्यांच्याच अँप्लिफायरसाठी बनवलेले असतात. एखादा गेला तर दुसऱ्या कंपनीचा जोडण्याआधी मागचा ओहमचा आकडा जुळतोय का बघा. कमी ओहमचा लावलात तर अँप्लिफायर तापून जाऊ शकतो.

‘ऑक्स’ने जोडल्यावर सतत घूंऽ असा आवाज आला तर सेटला दोष देऊ नका. आधी केबलवाल्याची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घुमणं थांबलं तर ते तिच्यातून येतंय. दोन वेगळ्या ठिकाणचं अर्थिंग एकमेकांना जोडलं गेलं की ५० हर्ट्झची ही गुणगुण सुरू होते. यावर ऑप्टिकल हाच चांगला उपाय, कारण त्यात तांबंच नाही.

आणि आवाज चित्राच्या पुढे पळत असेल, तर टीव्हीला चित्रावर काम करायला वेळ लागतोय. सेटच्या मेनूत ‘एव्ही सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ शोधा आणि बातम्या देणाऱ्या माणसाच्या ओठांकडे बघत थोडं थोडं वाढवा.

तुमच्या सेटच्या मागच्या बाजूचा आणि टीव्हीच्या सॉकेटांचा, असे दोन फोटो टाकलेत तर नेमकी कोणती वायर आणायची ते मी सांगतो. फोटो उजेडात काढा, सॉकेटजवळची अक्षरं वाचता आली पाहिजेत.