"मला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, मी कुणाला काय धीर देणार?"

हे वाक्य मी चर्चच्या मंडळीतल्या इतक्या बायकांकडून ऐकलंय की शेवटी एका ताईंची गोष्ट सांगतेच, त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं काही न ठेवता.

नगरकडच्या ह्या ताई. त्यांच्या शेजारणीचे मिस्टर अचानक गेले, दोघी एकाच चर्चच्या. पहिले आठ दिवस घर भरलेलं, पाळकसाहेब, महिला मंडळ, गाणी, प्रार्थना सगळं, नंतर कोणी फिरकेना. ताईंना जावंसं वाटायचं पण जाऊन बोलायचं काय, म्हणून त्या रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या फोटोवरचं बायबलचं एक वचन पाठवायच्या. महिन्याभराने उत्तर आलं, "प्लीज आता नको पाठवू." ताई माझ्यासमोर बसून हमसून हमसून रडल्या, म्हणे माझा विश्वासच कमी पडला.

विश्वास कमी नव्हता हो. मी एवढंच विचारलं की तिच्या घरी शेवटचं कधी गेलात, तर म्हणाल्या, मातीच्या दिवशी.

मग आम्ही बायबलमधली एलीयाची गोष्ट काढली, 1 राजे ह्या पुस्तकाचा 19वा अध्याय. ईजबेलीच्या भीतीने रानात पळालेला, झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागणारा संदेष्टा, आणि देवदूत येऊन उपदेश करत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो, ऊठ, खा म्हणतो, तो खाऊन परत झोपला तर झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवतो तेही खायलाच. बायबलमधल्याच ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री नुसते शेजारी बसले तोपर्यंत सगळं बरोबर होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

मी ताईंना म्हटलं, "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, दुःखातलं माणूस कधीच सांगत नाही, त्यापेक्षा "मंगळवारी दुपारी भाकरी घेऊन येते" म्हणा आणि खरंच जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. देवाचीच इच्छा होती हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. प्रार्थना तिच्यासमोर जमत नसेल तर घरी एकटीने करा, ती पण देव ऐकतोच ना.

ताई पिठलं भाकरी घेऊन गेल्या. पहिल्या मंगळवारी शेजारीण जेमतेम दोन शब्द बोलली. दुसऱ्या मंगळवारी म्हणाली, "आता जगून तरी काय करू?" ताईंनी घाबरून मला फोन केला. मी सांगितलं, सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळं होतं. आणि टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो. विचार येत होते. दुसऱ्याच दिवशी ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, बाहेर बाकड्यावर दोन तास बसून राहिल्या. मला विचाराल तर ही सुद्धा सेवाच.

बऱ्याच मंगळवारांनंतर शेजारीण बोलली की रविवार सगळ्यात वाईट जातो, बाकावरची त्यांची जागा रिकामी दिसते, म्हणून ती चर्चला येणंच टाळते. पुढच्या रविवारी ताई तिला सोबत घेऊन गेल्या आणि त्याच जागेवर बसल्या, गाणं सुरू झालं की पुस्तक दोघींच्या मध्ये धरायचं, ती गायची नाही, नुसती बघत बसायची.

परवा ताईंचा मेसेज आला, "मॅडम, आज पुस्तक तिने माझ्या हातातून घेतलं आणि पान तिनेच काढलं."